शाळेच्या खरेदीचं कार्ड

(स्नेहमेळाव्यातील ‘आपण काय करतो’ या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि अट एकच घातली आहे. आपण पोटापाण्यासाठी काय करतो, ते सगळ्यांना समजेल असं सांगायचं. माझ्याआधी आपले डॉक्टर बोलले, द्राक्षबागायतदार बोलला, एसटीतली वाहतूक नियंत्रक मैत्रीण बोलली. त्यांचं काम डोळ्यांपुढे उभं राहतं. माझी मात्र पंचाईत आहे. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर, अमेरिकेत’ एवढं म्हटलं की निम्मे लोक पुढचं विचारतच नाहीत, आणि उरलेले ‘आता एआय तुमची नोकरी खाणार का?’ एवढंच विचारतात.

म्हणून सरळच सांगते. अमेरिकेतल्या सरकारी शाळा गोंद, व्हिनेगर, नळाचे वॉशर, सहलीची तिकिटं असल्या गोष्टी ज्या कार्डावर घेतात, त्या कार्डांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. गेली बारा वर्षं मी हेच करते आहे. इंजिनिअरिंगला होते तेव्हा वाटायचं, आपण उपग्रह वगैरे सोडणार. नशिबी गोंदाच्या पावत्या आल्या! पण तक्रार नाही. आणि आज हाच विषय घ्यायला आणखी एक कारण आहे. उद्या सकाळी आपल्या माजी विद्यार्थी निधीची बैठक आहे. त्या बैठकीशी या पावत्यांचा जवळचा संबंध आहे. तो शेवटी सांगते.

आधी एक खुलासा. तिथलं ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एखाद्या गावातल्या किंवा शहराच्या एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. देशभरात अशा सुमारे १३,००० संस्था आहेत. बहुतेक ठिकाणी तिचं मंडळ लोक मतदानानं निवडतात. पैसा राज्याकडून येतो, स्थानिक घरपट्टीतून येतो आणि थोडा केंद्र सरकारकडून. म्हणजे शेजारी राहणाऱ्या आजोबांच्या घरपट्टीचा काही भाग समोरच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जातो, आणि आजोबांना ते पक्कं ठाऊक असतं. मंडळाच्या बैठकीत उभं राहून ते हिशेब विचारू शकतात, आणि विचारतातही.

सार्वजनिक पैसा म्हटला की कागद आलाच. तिथली जुनी पद्धत ऐका, ओळखीची वाटेल. शिक्षिकेनं मागणीपत्र भरायचं. मुख्याध्यापकांनी सही करायची. ते डिस्ट्रिक्टच्या लेखा विभागात जाणार. तिथे अंदाजपत्रकात तेवढी रक्कम शिल्लक आहे का ते पाहणार, मग दुकानदाराच्या नावे खरेदी आदेश निघणार. माल आला की पोचपावती, नंतर दुकानदाराचं बिल. आदेश, पोचपावती आणि बिल हे तिन्ही कागद जुळले की चेक. पन्नास संगणक घ्यायचे असतील तर ही पद्धत उत्तम आहे. पण शुक्रवारच्या तासाला ज्वालामुखीचा प्रयोग आहे, त्यासाठी बुधवारी अठरा डॉलरचा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हवं आहे, तेव्हा हीच पद्धत निरुपयोगी ठरते. त्या अठरा डॉलरच्या मागे चार माणसांचा वेळ जातो, आणि त्या वेळेची किंमत मालापेक्षा जास्त होते.

मग शिक्षिका काय करते? स्वतःच्या पर्समधून आणते. हा माझा अंदाज नाही. अमेरिकी सरकारच्या शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या पाहणीत २०१४-१५ या वर्षी सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी परत न मिळणारा स्वतःचा पैसा वर्गासाठी खर्च केला होता. असा खर्च करणाऱ्यांचा सरासरी आकडा होता ४७९ डॉलर. प्राप्तिकराच्या कायद्यात २००२ पासून या खर्चासाठी शिक्षकांना २५० डॉलरची वजावट मिळू लागली, २०२२ पासून ती ३०० झाली. म्हणजे शिक्षक पदरमोड करतात हे सरकारनं कायद्यातच मान्य करून टाकलंय!

आता समोरच्या रांगेत बसलेल्या सर आणि बाईंना एक विनंती. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला हात वर करायला लावलेत, आज तुम्ही करा. तक्त्यांचे कागद, स्नेहसंमेलनाची रंगभूषा, विज्ञान प्रदर्शनाच्या वायरी, एखाद्या मुलीची सहलीची वर्गणी, यातलं काही ज्यांनी कधी स्वतःच्या पगारातून दिलंय आणि ऑफिसात भाऊसाहेबांकडे बिल दिलेलं नाही, त्यांनी हात वर करा... बघा. मोजायची गरज नाही.

या दुखण्यावर तिथे जो उपाय निघाला, त्याचं नाव प्रोक्युअरमेंट कार्ड, थोडक्यात पी-कार्ड. आपण खरेदी-कार्ड म्हणू. सुरुवात शाळांनी केली नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या काही खात्यांनी ही कार्डं वापरून पाहिली. १९९४ च्या कायद्यानं २,५०० डॉलरपर्यंतच्या किरकोळ सरकारी खरेदीची प्रक्रिया सोपी केली, आणि १९९८ मध्ये सरकारची स्मार्टपे ही योजना सुरू झाली. राज्यं, विद्यापीठं आणि शाळा यांनीही तीच वाट धरली.

दिसायला हे कार्ड तुमच्या-माझ्या क्रेडिट कार्डासारखंच. त्यावर शिक्षिकेचं नाव असतं, पण उधारी तिची नसते, डिस्ट्रिक्टची असते. महिनाअखेर बँक डिस्ट्रिक्टला एकच एकत्रित बिल पाठवते. दुकानदाराला चेकसाठी महिनाभर थांबावं लागत नाही. एकूण खरेदीवर बँक डिस्ट्रिक्टला थोडी रक्कम परतही देते. आणि खरा फरक आत आहे. प्रत्येक कार्डाला आम्ही कुंपणं घालतो. एका वेळी जास्तीत जास्त किती, महिन्यात एकूण किती, आणि कोणत्या प्रकारच्या दुकानात.

हे तिसरं कुंपण मजेशीर आहे. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला एक चार आकडी वर्ग-क्रमांक असतो. हार्डवेअर ५२५१, शालेय आणि कार्यालयीन साहित्य ५९४३, पुस्तकांचं दुकान ५९४२, किराणा ५४११, दारूचं दुकान ५९२१, जुगार ७९९५, एटीएममधली रोकड ६०११. शाळेच्या प्लंबरच्या कार्डावर हार्डवेअर उघडं ठेवायचं, पुस्तकं बंद. ग्रंथपाल बाईंचं नेमकं उलट. रोकड, दारू आणि जुगार सगळ्यांनाच बंद. कार्ड घासलं की काही क्षणांत होकार किंवा नकार येतो.

हे ऐकून कोणालाही वाटेल की झालं, प्रश्न सुटला. पण तो क्रमांक दुकानाचा असतो, वस्तूचा नसतो. किराणा दुकानात व्हिनेगर मिळतं, आणि अनेक राज्यांत त्याच दुकानात बीअरही मिळते. क्रमांक दोन्हीला एकच, ५४११. यंत्राला दुकानाचं दार कळतं, पिशवीत काय पडलं ते कळत नाही. ते पाहायला माणूसच लागतो, आणि त्याच्या हातात वस्तूवार पावती लागते. नुसता ‘एकूण ६२ डॉलर’ लिहिलेला चिटोरा चालत नाही.

म्हणून महिनाअखेर ताळमेळ असतो. कार्डधारकानं प्रत्येक व्यवहाराला पावती जोडायची, कारण लिहायचं, खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते नोंदवायचं. मग वरिष्ठानं तपासून मंजुरी द्यायची. नियम जुनाच आहे, आपल्या कीर्द-खतावणीच्या काळापासूनचा. खर्च करणारा आणि तपासणारा एक नको. त्याला एक पोटनियम आहे, आणि तो फार लोक विसरतात. मुख्याध्यापकांचं कार्ड त्यांच्याच कार्यालयातल्या कारकुनानं तपासायचं नाही. साहेबांच्या पावतीवर बोट ठेवायची हिंमत हाताखालच्या माणसाला कशी व्हावी? ते कार्ड वरच तपासलं गेलं पाहिजे.

आमच्या सॉफ्टवेअरचं काम इथे येतं. समजा एका वेळची मर्यादा १,००० डॉलर आहे आणि सूक्ष्मदर्शकं १,८०० ची आहेत. काही जण ९०० ची दोन बिलं करतात. याला खरेदी तोडणं म्हणतात आणि ते नियमाबाहेर आहे. तेच कार्ड, तेच दुकान, दोन-चार दिवसांचं अंतर आणि बेरीज मर्यादेच्या वर, असं दिसलं की आम्ही खूण करतो. आकड्यांची गर्दी मर्यादेच्या जरा खाली जमली, ९८०, ९९०, ९९५, तरीही खूण करतो.

गणिताच्या बाईंसाठी आणखी एक. सायमन न्यूकम नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला १८८१ मध्ये दिसलं की लॉग टेबलच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं जास्त मळलेली आहेत. १ नं सुरू होणारे आकडे लोकांना जास्त लागत होते. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी ढीगभर आकडेवारी गोळा करून तेच दाखवलं. अनेक प्रकारच्या नैसर्गिक आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के असतं आणि ९ असण्याचं ५ टक्क्यांहूनही कमी. बिलांमध्ये ९ नं सुरू होणारे आकडे फार झाले, तर तिथे थांबून पाहावं. पुरावा म्हणून नव्हे, फक्त पाहावं. दुकानदारानंच दर ९९ ठेवला असेल, तर त्यात शिक्षिकेचा काय दोष?

आता प्रत्यक्ष घडलेलं सांगते. गावाचं नाव सांगत नाही. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका डिस्ट्रिक्टमध्ये कार्यालयातल्या एका व्यक्तीनं दीडएक वर्ष शाळेच्या कार्डावर गिफ्ट कार्डं आणि घरच्या वस्तू घेतल्या. पावत्या जोडलेल्या होत्या, पण वस्तूवार नव्हत्या. वरिष्ठांची मंजुरीही होती, प्रत्येक महिन्याला. बातमी फुटली आणि गाव पेटलं. मंडळाच्या संध्याकाळच्या बैठकीत सभागृहात बसायला जागा नव्हती. ठराव मांडला गेला, सगळी कार्डं बंद करा. मतं घेतली गेली, कार्डं बंद झाली. मध्यवर्ती कार्यालयातली मोजकी सोडून बाकी सगळी.

पुढच्या बैठकीला आकडेवारी समजावून सांगायला मला बोलावलं होतं. माझ्याआधी एक शिक्षिका बोलायला उभी राहिली. ती विशेष गरजा असलेल्या मोठ्या मुलांना शिकवते. तिच्या वर्गाचा दर आठवड्याचा एक तास किराणा दुकानात असायचा. यादी करायची, भाव वाचायचे, रांगेत उभं राहायचं, पैसे द्यायचे, घरी येऊन त्याच सामानाचा स्वयंपाक करायचा. पुढे स्वतःच्या पायावर राहता यावं म्हणून हाच त्यांचा अभ्यासक्रम. ती म्हणाली, कार्ड बंद झाल्यापासून पहिले दोन आठवडे मी माझे पैसे घातले, आता जमत नाही, म्हणून मुलं वर्गात चित्रातली सफरचंदं मोजतात. चोरी एकानं केली, आणि ज्यांचा तास गेला त्यांना चोरी म्हणजे काय तेही माहीत नाही.

सभागृह गप्प झालं. मग माझी पाळी आली. मंडळातल्या एका सदस्यांनी आधीच मागणी केली होती की सॉफ्टवेअरनं प्रत्येक कार्डधारकाला संशयाचे गुण द्यावेत, शंभरपैकी. ज्याचे गुण जास्त, त्याचं कार्ड काढून घ्यायचं. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नव्हतं. आमच्या टीमनं नकार दिला होता, आणि का दिला ते मी तिथे सांगितलं. खूण व्यवहारावर करावी, माणसावर करू नये. व्यवहाराला उत्तर देता येतं, ‘ही पावती बघा’ म्हणून प्रश्न मिटवता येतो. माणसाच्या नावापुढे लागलेल्या गुणांना काय उत्तर देणार?

आणि मग मी दुसराच तक्ता दाखवला. कोणी किती खर्च केला याचा नाही, कोणी किती वेळात मंजुरी दिली याचा. त्या प्रकरणातल्या वरिष्ठांनी महिन्याचे सगळे व्यवहार एका बैठकीत, काही मिनिटांत मंजूर केले होते. बहुतेक पावत्या उघडलेल्याही नव्हत्या, तशी नोंद संगणकात होती. त्यांनी एक पैसा खाल्ला नव्हता. त्यांच्याकडे चाळीसेक कार्डं तपासायला दिली होती आणि शाळा चालवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. भिंत होती, दारही होतं, फक्त राखणदार दमलेला होता.

ही त्या एका गावाची गोष्ट नाही. अमेरिकी संसदेसाठी लेखातपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेनं २००१ च्या सुमारास सॅन दिएगो इथल्या नौदलाच्या दोन केंद्रांची खरेदी-कार्डं तपासली, तेव्हाही मुख्य दुखणं हेच निघालं. देखरेख कमकुवत होती आणि वरिष्ठांकडून नीट तपासणी होत नव्हती. पुढे २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या कार्डांसाठी खास कायदाच करावा लागला. डोनाल्ड क्रेसी या समाजशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये विश्वासातल्या माणसांच्या अफरातफरींवर पुस्तक लिहिलं. त्याच्या मांडणीवरून आज हिशेब तपासणीस तीन गोष्टी शिकतात. माणसावरची अडचण, समोर आलेली संधी, आणि स्वतःच्या मनाला घातलेली समजूत. अडचण आणि समजूत आपल्या हातात नसते. संधी मात्र आपल्या हातात असते, आणि ती मर्यादेच्या आकड्यात नसून न वाचलेल्या पावतीत असते.

काही महिन्यांनी त्या डिस्ट्रिक्टमध्ये कार्डं परत आली. आधी पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय गिफ्ट कार्डं घ्यायची नाहीत. वस्तूवार पावतीशिवाय मंजुरी नाही. एका वरिष्ठाकडे मोजकीच कार्डं. दर महिन्याला काही व्यवहार चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून तिसऱ्याच माणसानं तपासायचे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक छोटी गोष्ट घातली. पावती उघडल्याशिवाय मंजुरीचं बटण उमटतच नाही. माझ्या बारा वर्षांतलं सर्वांत सोपं काम असेल ते, पण मला त्याचं समाधान सर्वांत जास्त आहे. तो किराणा दुकानातला तासही पुन्हा सुरू झाला.

आता आपल्या निधीकडे येते. निधी चांगला जमला आहे आणि तो प्रयोगशाळा व ग्रंथालयासाठी आहे. उद्याच्या बैठकीपुढे असा प्रस्ताव आहे की प्रत्येक खर्चाला समितीतल्या तिघांच्या सह्या लागतील. तिघं तीन गावांत राहतात, त्यातली एक मी, म्हणजे दुसऱ्या खंडात. हेतू चांगलाच आहे. लोकांचे कष्टाचे पैसे आहेत. पण याचा परिणाम काय होईल ते आत्ताच सांगते. परीक्षानळ्या फुटतील, सर व्हॉट्सॲपवर निरोप टाकतील, एक सही येईल, दुसरी विसरेल, तिसरीकडे तेव्हा मध्यरात्र असेल. आणि मग सर स्वतःच्या पैशातून परीक्षानळ्या आणतील. वेतनेतर अनुदान किती आणि कधी येतं ते मुख्याध्यापक बाईंना विचारा. म्हणजे आपण निधी उभा केला तो शिक्षकांचा भार हलका करायला, आणि तो बँकेत सुरक्षित ठेवून भार त्यांच्यावरच ठेवला, असं होईल.

माझी सूचना अशी. आपल्याला कार्डाचीही गरज नाही, त्यामागचा विचार पुरेसा आहे. किरकोळ खर्चासाठी महिन्याची एक ठरलेली रक्कम शाळेकडे द्यावी, किती ते उद्या ठरवू. तेवढ्यापुरतं सरांनी कोणालाही विचारू नये. मोठ्या खरेदीला तीन दरपत्रकं आणि तिन्ही सह्या असाव्यातच. वस्तूवार बिल हवं, वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवायची असेल तर चढवलेली हवी. खरेदी करणारा आणि तपासणारा वेगळा. आणि दर महिन्याला बिलांचे फोटो व हिशेब आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. तो हिशेब कोणीतरी वाचायचा. खालती अंगठा टाकून पुढे जायचं नाही, प्रत्येक बिल उघडून वाचायचं. विश्वास टाकणं आणि तपासणं यात भांडण नाही. शाळेतही बाई आमच्यावर विश्वास टाकायच्याच, आणि वह्याही तपासायच्याच. वही तपासली म्हणून आपल्याला कधी अपमान वाटला नाही, उलट न तपासता परत आली तर वाईट वाटायचं.

वाचण्याचं काम आपण पाळीपाळीनं वाटून घेऊ. पहिल्या तीन महिन्यांचं मी घेते. मला गोंदाच्या पावत्या वाचायची सवय आहे. चौथ्या महिन्यापासून कोण घेणार, तेवढं आज जेवणाच्या पंगतीत मला सांगा. नावं लिहून घ्यायला मी वही आणली आहे.